कुंझुमआधीचं मुलुंड

मुलुंडला राहून स्पीतीतल्या कुंझुम खिंडीची तयारी करायची, तर पायांची करता येते, श्वासाची नाही. खिंड साडेचार हजार मीटरच्या थोडी वर. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे ५७ टक्केच उरतो. पहाटे लादलेली सायकल घेऊन येऊरचा चढ कितीही चढा, ती विरळ हवा इथे कुठून आणणार? म्हणून यंदा सामानाच्या यादीच्या आधी मी दिवसांची यादी केली.

बेत सप्टेंबरचा आहे. शिमल्याहून निघून रामपूर, कल्पा, नाको, ताबो करत काझा, आणि मग लोसर, कुंझुम, बातल, छत्रूवरून मनालीकडे. बातलच्या अलीकडे-पलीकडे रस्ता म्हणजे बराचसा गोटे, माती आणि मधूनच आडवे येणारे नाले. मागून गाडी येणार नाही, कुणी पिशवी पुढे नेऊन ठेवणार नाही. लागेल ते सायकलवर, किंवा वाटेत कुणाही वाटसरूला मिळेल तेवढंच. हा नियम मला फार आवडतो. ढाब्यावरचा राजमा-भात चालतो, कारण तो सगळ्यांसाठी शिजलेला असतो. ओळखीच्या माणसाने खास आपल्यासाठी आणून ठेवलेला डबा चालत नाही.

सासूबाईंना हे पटायला वेळ लागला. "अगं, पण निघताना बरोबर दिलेलं चालतं ना?" त्यांनी विचारलं. चालतं. लगेच मेतकुटाची पुडी आली, शेंगदाणे-गुळाचे लाडू आले, आणि मी ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवल्यावर त्या जरा दुखावल्या. "आई, प्रत्येक ग्रॅम मलाच चढवायचाय," म्हटल्यावर मात्र त्यांनी स्वतःच लाडूंचा आकार लहान केला.

जुलै-ऑगस्टचा मुंबईचा पाऊस या तयारीचा शत्रू वाटेल, पण मला तो गुरूच वाटतो. ओल्या रस्त्यावरची बारीक वाळू ब्रेकचे पॅड खाऊन टाकते. ते बदलायचे कसे हे इमारतीच्या पार्किंगमध्ये गार पडलेल्या बोटांनी शिकलं, की नाकोच्या थंडीत बोटं आपोआप चालतील. साखळी तोडायची, जोडकडीने पुन्हा जोडायची. ट्यूबलेस टायरला भोक पाडून त्यात रबरी वात खुपसायची, आतलं पांढरं सीलंट फसफसून बाहेर येतं आणि मग थांबतं, ते थांबेपर्यंत धीर धरायचा. सगळ्यात मोलाची वस्तू मात्र आगपेटीपेक्षाही लहान आहे. मागचा गिअर ज्याच्यावर लटकतो तो हँगर. तो मुद्दामच कमजोर करतात. सायकल आपटली तर आधी तो वाकावा, मोडावा, आणि फ्रेम वाचावी. बऱ्याच फ्रेमना त्याचा आकार वेगळा असतो. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे तो मिळत नाही, मग काझाला मिळण्याची आशा कशाला धरायची? दोन घेतले आहेत. एक सीटखालच्या पिशवीच्या तळाला टेपने चिकटवला आहे.

सामानाची खरी परीक्षा सह्याद्रीत होते. कल्याण, मुरबाड, टोकावडे करत माळशेज चढून जुन्नरच्या बाजूला उतरायचं आणि डांबर सोडून शेतांमधल्या कच्च्या वाटांना लागायचं. जड वस्तू फ्रेमच्या मध्यावर असल्या तर सायकल सरळ चालते. सीटमागे गेल्या, की पिशवी डुलते आणि चढावर ते डुलणं मांड्यांना जाणवतं. चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटरच्या टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली, की खडीवर टायर उडत नाही, दगडाला धरून जातो. वाचून हे कळतं, पण मनगटांना पटतं ते अशा वाटेवरच.

हे सगळं करताना मला १९२३ ची मुंबई आठवते. त्या वर्षी १५ ऑक्टोबरला सहा पारशी तरुण इथून सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे ती पुरी करून १९२८ च्या मार्चमध्ये परतले. माझ्याकडच्यासारखे गिअर नव्हते, नकाशे नव्हते. वेळ होता, किंवा त्यांनी तो काढला, असं म्हणणं जास्त खरं. आपण आज उलटं करतो. सायकलवर लाखभर सहज घालतो आणि रजेचे दिवस मात्र चिमटीने मोजून घेतो.

घाट चढून दमलेलं शरीर रात्रीत सावरतं. उंचीला सरावायला त्याला रात्रींमागून रात्री लागतात. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज साधारण ५०० मीटरहून जास्त वर नेऊ नये, असा वैद्यकीय सल्ला आहे. म्हणूनच मनालीऐवजी शिमल्याकडून जायचं; ती वाट लांब आहे, पण हळूहळू वर नेते. नाकोला एक दिवस मोकळा, काझाला दोन. डोकं ठणकायला लागलं तर आणखी एक. तंबूचं वजन कमी करता येईल, हे दिवस कमी करायचे नाहीत. दिवस शिल्लक असले तरच "आज पुढे जात नाही" असं म्हणता येतं, आणि आपल्याच भरवशावर निघालेल्या माणसाला त्याहून मोठा आधार नाही.

बातलपुढचे नाले दुपारी फुगतात, कारण उन्हाने वरचा बर्फ तेव्हा वितळतो. सकाळी घोट्याला लागणारं पाणी चार वाजता गुडघ्याला लागू शकतं. कुंझुम उतरून बातलला पोचायला दुपार झाली, तर तिथेच मुक्काम टाकायचा आणि पहाटे निघायचं. तो मुक्काम धरूनच रजेचा अर्ज दिला आहे.