एवढ्या अंगाची बाई आणि दूध नाही?

मुलगी झाली तेव्हा माझं वजन नव्वद किलोच्या वर होतं. गरोदरपणात साखर वाढलेली, शेवटी सिझर. तीन दिवस उलटले तरी छाती भरून आल्यासारखं वाटेना. बघायला येणारी प्रत्येक बाई आधी बाळाकडं बघायची, मग माझ्याकडं, आणि मग आईला विचारायची, "एवढ्या अंगाची पोरगी, दूध कसं नाही हो?" मी पलंगावर बसलेली असायचे, पण प्रश्न आईला.

हॉस्पिटलात पाजायची एकच पद्धत सांगितली गेली: ताठ बसा, बाळ मांडीवर आडवं घ्या. माझं पोट मध्ये येत होतं, त्यावर टाके ओढत होते. बाळ छातीपर्यंत पोचायच्या आत मी घामाघूम. पोरगी रडायची, कुणीतरी म्हणायचं, "वरचं द्या थोडं."

घरी आल्यावर आमच्या गारखेड्यातल्या गल्लीत राहणाऱ्या सिस्टर आल्या. घाटी हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या. आईनं बोलावलं होतं. त्यांनी वजनाचा विषयच काढला नाही. उशांचा ढीग मागवला, पोरीला माझ्या बगलेखाली घेतलं, तिचे पाय मागं पाठीकडं, डोकं माझ्या तळहातावर. छाती जड, म्हणून तिच्याखाली पंचा गुंडाळून ठेवला. नुसतं बोंड नाही, भोवतीचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे, हे हाताला धरून दाखवलं. "अंग भरलेलं असलं, त्यात सिझर आणि साखर असली, की दूध उशिरा उतरतं. उशिरा म्हणजे येतच नाही असं नाही. लावत राहायचं, रात्रीसुद्धा." मधल्या वेळात हातानं चीक काढून वाटी-चमच्यानं पाजायला शिकवलं. पहिल्या दिवसात बाळाला एका वेळी जेमतेम चमचाभरच लागतो, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. पाचव्या दिवशी झगे भिजायला लागले.

त्या जे अनुभवानं बोलल्या ते नंतर मी वाचलं. वार पडली की शरीरातलं प्रोजेस्टेरॉन झपाट्यानं उतरतं आणि दूध भरायला लागतं. बहुतेकींना दोन-तीन दिवसांत. वजन जास्त असलेल्या बायकांमध्ये हे अनेकदा ७२ तासांच्या पुढं जातं. अमेरिकेतल्या कॅथलीन रासमुसेन आणि त्यांचे सहकारी यांनी २००४ मध्ये दाखवलं, की अशा बायकांमध्ये पहिल्या आठवड्यात बाळ ओढत असताना प्रोलॅक्टिन हवं तितकं वाढत नाही. म्हणजे अडचण खरी आहे, मनाचे खेळ नाहीत. पण नेमक्या याच आठवड्यात बाईला सर्वांत जास्त मदत लागते आणि याच आठवड्यात तिला सर्वांत जास्त टोमणे मिळतात. दूध उशिरा येतं एका कारणानं. पाजणं सुटतं बऱ्याचदा दुसऱ्याच.

ते दुसरं कारण म्हणजे लाज. पोट लोंबतंय, दंडावर पांढऱ्या रेषा, कपडे वर करायचे म्हणजे हे सगळं उघडं. मी पाहुणे आले की आतल्या खोलीत जायचे, आणि आत जाणं नको म्हणून पाजणं लांबवायचे. जितकं लांबवावं तितकं दूध कमी होतं, हा हिशेब शरीर चोख ठेवतं. औरंगपुऱ्यात पाजायचे कुर्ते बघायला गेले तर माझ्या मापाचा एकही नाही. दुकानदार म्हणाला, "मॅडम, यात एवढंच येतं." शेवटी आईनं जुन्या कुर्त्यांना बाजूनं चेन शिवून दिल्या.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताहाची पोस्टरं लागतात. माझ्या पाहण्यातल्या प्रत्येक पोस्टरवरची आई सडपातळ, पदर नीट, पोट सपाट. एसटी स्टँडवर पाजायला हिरकणी कक्ष असतात, ती सोय मला फार आवडते. पण रायगडाचा कडा उतरून लेकराकडं धावणाऱ्या हिरकणी गवळणीला चित्रकार नेहमी वेलीसारखी काढतात. दूध-दही घेऊन गड चढणारी, नुकती बाळंत झालेली बाई थोडी रुंद असायला काय हरकत होती?

मग वजन उतरवण्याचं सुरू झालं. एकीकडं आईचे डिंकाचे, अळिवाचे लाडू, वर साजूक तूप, दुसरीकडं मैत्रिणी, "पाजतेस ना, मग आपोआप उतरेल." दूध तयार करायला दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जातात हे खरं. पण भूकही तशीच खवळते, झोप उडालेली असते. माझं थोडं उतरलं, बरंचसं राहिलं. आईशी तह झाला: लाडू एक, तूप भाकरीवर, आणि बाजरी-शेपू हवी तेवढी.

गेल्या वर्षी जाऊबाई बाळंत झाल्या. वैजापूरकडच्या, हाडकुळ्या. माझ्या वेळी "एवढ्या अंगाची" म्हणणाऱ्या त्याच बायका आता म्हणाल्या, "हिच्या अंगात काही नाही, दूध पाण्यासारखं येणार." आई किरकोळ असली म्हणून दुधाचा कस फारसा बदलत नाही, झळ लागते ती तिच्याच अंगाला. म्हणून मी त्यांच्या ताटाकडं लक्ष दिलं, लोहाच्या गोळ्या चुकू दिल्या नाहीत. पोराला दिवसाला सहा-सात वेळा लघवी होत होती, दवाखान्याच्या कार्डावर वजनाची रेघ वर चढत होती. पुढच्या वेळी कुणी पाण्याचा विषय काढला, तेव्हा जाऊबाईंनी ते कार्डच पुढं केलं.