मांड

शिरवळ आलं की ते जागं होतं. पहाटे पुण्याहून निघताना, कात्रजचा जुना घाट चढताना, खेड शिवापूरला चहा घेताना त्याचा मागमूस नसतो. नीरेचा पूल ओलांडला, पन्नासेक किलोमीटर झाले, की आधी बधिरपणा येतो, मग मुंग्या, मग आग. पाय दमलेले नसतात. उसाच्या शेतांवरून येणारा गार वारा अंगाला गोड लागत असतो. आणि तरी सगळा जीव तळहाताएवढ्या जागेत गोळा झालेला असतो.

आमच्या गटात गुडघ्यांबद्दल मोकळेपणाने बोललं जातं. पोटऱ्यात आलेले गोळे, आखडलेली मान यांची कौतुकाने चौकशी होते. मी मात्र शिरवळच्या पुढे सायकल कडेला घ्यायचे आणि म्हणायचे, "व्हा तुम्ही पुढे, जरा पाय मोकळे करते." पाय मोकळेच होते.

खंबाटकीचा घाट सगळ्यांना नकोसा वाटतो. मी त्याची वाट पाहायचे. चढावर पॅडलवर उभं राहून चालवता येतं ना! घामाच्या धारा लागायच्या, छाती फुटायला यायची, पण ती जागा सुटायची.

घोडेस्वारीने मराठीला किती शब्द दिले. खोगीर, रिकीब, तंग, लगाम. आणि मांड. घोड्यावर मांड ठोकली की माणूस त्या जनावराचा होतो आणि जनावर त्याचं. पण माझी मांड जिथे मोडत होती त्या जागेला माझ्याकडे एकच शब्द होता, 'खाली'. डॉक्टरांकडे खाली, आईजवळ खाली, मैत्रिणीच्या कानातही खालीच. पोटापाशी सुरू होऊन मांड्यांपाशी संपणारा अख्खा मुलूख आम्ही एका क्रियाविशेषणात कोंबून ठेवलेला.

सायकलच्या दुकानात तर तेवढाही शब्द फुटेना. "सीट जरा टोचते," म्हणाले. दुकानदाराने जेलचं गुबगुबीत कव्हर पुढे केलं. "मॅडम, लेडीज लोक हेच नेतात." अंगठ्याने दाबून पाहिलं तर लोण्यासारखं मऊ. पुढच्या रविवारी त्या लोण्याने शिरवळच्या कितीतरी आधीच रडवलं. खोगीरभरती हा शब्द मी आयुष्यभर लोकांच्या लेखनासाठी वापरत आले. तो मूळचा कुठला, हे त्या दिवशी कळलं.

उलगडा केला तो गटातल्या एका ज्येष्ठ मैत्रिणीने. सुरूर फाट्यावर मिसळ खाताना तिने सरळ विचारलं, "दुखतं कुठे गं तुला? मागे की पुढे?"

माझ्या 'खाली'चे कुणीतरी पहिल्यांदाच दोन भाग केले होते.

मग आवाज जराही न उतरवता ती सांगत गेली. बैठकीला दोन हाडं असतात, शरीराचा भार पेलायला तीच घडलेली. ताठ बसलं तर भार त्यांच्यावर राहतो. रेसिंगच्या हँडलवर ओणवं झालं की कंबर पुढे कलते आणि भार हाडांवरून पुढच्या नाजूक भागावर येतो. सीट अरुंद असेल तर हाडं तिच्या कडेबाहेर लोंबकळतात आणि मधलं मांस चिरडतं. सीट फार मऊ असेल तर हाडं रुततात आणि मधला गादीचा उंचवटा नको तिथे रेटत राहतो. सीट उंच असेल तर कंबर दर फेऱ्याला डावी-उजवी डुलते आणि कातडी सोलवटते. "आणि पॅडवाल्या शॉर्टच्या आत काही घालायचं नाही. शिवण काचते. पेट्रोलियम जेली लाव, आणि दर पंधरा मिनिटांनी क्षणभर उभी राहा." शेजारच्या टेबलावरचा ट्रकवाला मिसळ खायचा थांबला होता. ती थांबली नाही.

घरी येऊन वाचत बसले. सव्वाशे वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेत बायका सायकलवर बसू लागल्या तेव्हा या सीटवरून डॉक्टरांत केवढी खडाजंगी झाली होती! मधोमध पोकळी असलेल्या सीटच्या जाहिरातीही तेव्हाच आल्या. पण त्यातल्या कित्येक डॉक्टरांना काळजी होती ती दुखण्याची कमी, शीलाची जास्त. पुढे 1985 साली जॉर्जीना टेरी या अमेरिकन अभियंता बाईने बायकांच्या अंगासाठी सायकली बनवणारी कंपनीच काढली. आणि तरी 2016 च्या रिओ ऑलिंपिकच्या तयारीत ब्रिटनच्या संघातल्या महिला सायकलपटूंना कुणी नीट विचारलं, तेव्हा कळलं की त्याही मुकाट सोसत होत्या. त्या सुमारास सायकलिंगच्या जागतिक संघटनेने नियम सैल करून सीटचं नाक 9 अंशांपर्यंत कलवायची मुभा दिली. सुवर्णपदकवाल्यांचंही शिरवळ कुठेतरी होतंच म्हणायचं.

मैत्रिणीने सांगितल्याप्रमाणे एका दुपारी पाटावर पन्हळी पुठ्ठा ठेवला, त्यावर बसले, पुढे वाकले, उठले. पुठ्ठ्यावर दोन खळगे. मधोमध मोजलं, 13 सेंटीमीटर. त्यात साधारण दोन मिळवायचे, तेवढी सीट रुंद हवी. बायकांचं हे अंतर सहसा पुरुषांहून जास्त असतं, पण बाईबाईत फरक पडतोच. म्हणून नुसतं 'लेडीज' लिहून भागत नाही, मोजावं लागतं.

आई दारात उभी राहून बघत होती. सत्तरच्या दशकात ती नारायण पेठेतून लकडी पुलावरून लेडीज सायकलने नोकरीला जायची. पाचवारी साडी, ताठ पाठ, खाली स्प्रिंगची ऐसपैस सीट. तिला कसलं दुखणं, असं मी धरूनच चालले होते.

"आई, तुला कधी त्रास नाही झाला?"

"एरवी नाही." ती पाटाशी येऊन टेकली. "पण त्या चार दिवसांत सायकल हातात धरून चालत जायचे. वाटेत कुणी विचारलंच तर पंक्चर झालीय म्हणायचे."

माझे मोकळे पाय आणि तिचं पंक्चर. लकडी पूल ते शिरवळ, किती वर्षं आणि किती मैल आम्ही मायलेकी एकच थाप मारत आलो होतो.

"सरक," आई म्हणाली. पदर खोचून, पुठ्ठा उलटा करून ती पाटावर बसली. उठली तेव्हा चष्मा वर करून खाली वाकली आणि खळग्यांवर बोट फिरवत म्हणाली, "बघ गं, माझं किती भरतं?"