अंबाजोगाईचा मुक्काम

प्रवासाचा बेत माणसांसाठी असतो, माणसे बेतासाठी नसतात. मात्र हे घरी बसून म्हणणे सोपे!

अंबाजोगाईला योगेश्वरीचे दर्शन, ‘विवेकसिंधु’कार मुकुंदराजांची समाधी, मग परळीचा वैजनाथ आणि शेवटी औंढा नागनाथ, असा आमचा बेत होता. तो सारा आत्यासाठी. परळीला भाविक शिवलिंगाला हात लावून दर्शन घेतात. त्या स्पर्शाची तिला वर्षानुवर्षांची ओढ. आणि बालाघाटाच्या डोंगरात, मुकुंदराजांच्या पायऱ्या उतरताना नेमका तिचाच पाय घसरला! घोटा टम्म सुजला.

पाय टेकू न देता, ओढणीने बांधून तिला रिक्षात बसवले. गाव तालुक्याचे, पण येथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, हे नशीब. हाडाला तडा, पायाला प्लास्टर!

आता काय? सगळ्यांनी परत फिरावे, तर आत्या कष्टी. तिला एकटी ठेवावी, हे तर अशक्य. अखेर औंढा रद्द केले, खोलीचा मुक्काम वाढवला. सौ. आणि मुले सकाळच्या एस. टी. ने परळीला गेली. मी आत्याजवळ राहिलो. दिवसभर ती दासोपंतांच्या गोष्टी सांगत होती. याच गावच्या त्या सत्पुरुषाने पासोडीवर ग्रंथ लिहिला. कागद नाही, तर कापड!

संध्याकाळी धाकटीने आपला तळवा आत्याच्या हातात दिला.

“याच हाताने देवाला शिवले. अजून धुतला नाही.”

आत्याने तो हात कितीतरी वेळ सोडला नाही.