डेलाचा हिशेब

आमच्या कराडच्या मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं. नववीपर्यंत तो तास म्हणजे क्रियापदांची तीन रूपं, व्हॉइस बदला, आणि फळ्यावरची उत्तरं वहीत उतरवा. धडा समजला की नाही, हे कुणी विचारत नसे. उत्तर पाठ झालं की पुरे.

नववीला आलेल्या बाईंनी एका ऑफ तासाला अभ्यासक्रमाबाहेरची गोष्ट आणली. ओ. हेन्रीची ‘द गिफ्ट ऑफ द मॅजाय’, १९०५ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात पहिल्यांदा छापलेली. नाताळात नवऱ्याला भेट द्यायची म्हणून डेला आपले गुडघ्याखाली पोचणारे केस विकते आणि त्याच्या घड्याळासाठी साखळी आणते. जिमने तेच घड्याळ विकून तिच्या केसांसाठी कंगवे आणलेले असतात. शेवट कळल्यावर वर्ग हळहळला. आम्हाला वाटलं, झालं. बाई म्हणाल्या, ‘‘आता पुन्हा वाचा, फक्त आकडे शोधा.’’

आम्ही शोधले. डेलाकडे १ डॉलर ८७ सेंट, त्यांतले ६० सुटे सेंट. केसांचे आले २० डॉलर. साखळी २१ ची. घरी परतताना हातात ८७ सेंट. बेरीज-वजाबाकी चोख जुळली, तेव्हा गणितात पुढे असणारी मुलं पहिल्यांदाच इंग्रजीच्या तासाला सरसावून बसली. मग बाईंनी जिमचा पगार शोधायला लावला. पूर्वी आठवड्याला ३०, आता २०. घरभाडं ८. बाई फळ्याशी थांबल्या. मागच्या बाकावरून कुणीतरी बोललं, ‘‘बाई, केसांची किंमत म्हणजे त्याचा अख्ख्या आठवड्याचा पगार!’’

लेखकाने हे कुठेही सांगितलेलं नाही. दोन आकडे वेगवेगळ्या परिच्छेदांत ठेवून तो पुढे गेलाय. ते एकमेकांशेजारी मांडायचं काम त्याने आमच्यावर सोडलं होतं. वाचणाऱ्यालाही काम असतं, हे मला त्या दिवशी उमगलं. इंग्रजीनेच नव्हे, कुठल्याही विषयाने तोवर मला इतकं मानाने वागवलं नव्हतं.

ओ. हेन्री हे टोपणनाव. विल्यम सिडनी पोर्टर हा माणूस एकेकाळी बँकेत नोकरीला होता, तिथल्याच पैशांच्या अफरातफरीबद्दल त्याला ओहायोच्या तुरुंगात तीनेक वर्षं काढावी लागली. सेंट-सेंटचा हिशेब त्याच्या हातून इतका नेमका का उतरला असेल, याचा मी अजून विचार करतो.

शेवटी बाईंनी विचारलं, ‘‘ही दोघं वेडी की शहाणी?’’ लेखकाचं उत्तर गोष्टीतच आहे, पण त्यांना आमचं हवं होतं. बरीच मुलं ‘वेडी’ म्हणाली. तेव्हा एक एरवी गप्प बसणारी मुलगी उभी राहिली. दादाच्या फीसाठी आईने पाटल्या गहाण टाकल्या आणि त्या सोडवायला वडील रात्रपाळी करतात, हे तिने मराठीत सांगितलं. बाईंनी तिला इंग्रजीत बोल म्हणून अडवलं नाही. तिचं ऐकून झाल्यावर चारच वाक्यं आम्हा सगळ्यांकडून इंग्रजीत बांधून घेतली. व्याकरणाच्या वहीतलं दुसरं काही आठवत नाही, ती चार वाक्यं आठवतात.

पुढे मी सहकारी बँकेत लागलो, सोनेतारण आणि पीककर्जाच्या टेबलावर. अर्जात तारीख असते, वजन असतं, रक्कम असते, कारणाच्या रकान्यात बहुधा एकच शब्द. जूनमधली रक्कम बियाण्या-खताच्या खर्चाशी ताडून पाहतो. मेच्या अखेरीस पाटल्या घेऊन आलेल्या बाईला मुलाचा प्रवेश कुठे झाला ते विचारतो. पूर्ण पाटल्या ठेवण्याऐवजी एकीवर भागतंय का, तेही दोघं मिळून बघतो. पुष्कळदा भागतं. शाखेत नवी आलेली मुलं म्हणतात, साहेब एका अर्जाला फार वेळ लावतात. मी त्यांना शेजारी बसवतो आणि आधी फक्त आकडे वाचायला सांगतो.