गाडीची बॅटरी आणि बदगुमानी

फजरची नमाज आटोपून भाईजान घरी आले, गाडीत बसले आणि चावी फिरवली. एरवी त्या आवाजाने आमची अर्धी गल्ली जागी होते. त्या दिवशी काहीच झाले नाही. पुन्हा चावी फिरवली, तरी समोरचा लाल दिवासुद्धा लागेना. बाजाराचा दिवस होता. बांगड्यांच्या पेट्या रात्रीच हौद्यात भरून ठेवल्या होत्या. भाईजान खाली उतरले, वाकून पाहिले आणि तसेच उकिडवे बसून राहिले. बॅटरीच्या जागी दोन कापलेल्या वायरी लोंबत होत्या.

आम्ही सोलापूर जिल्ह्यातले मनियार. आजोबा डोक्यावर बांगड्यांचे ओझे घेऊन गावोगाव फिरले, अब्बा मरहूम सायकलवर फिरले. भाईजानांनी कर्ज काढून छोटा हत्ती घेतला. आमचे बी.एड. झाले, आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवू लागलो, ते याच बांगड्यांच्या पैशांवर. त्यामुळे गाडी भाईजानांची असली तरी तिच्यावर हक्क आणि चिंता सगळ्या घराची.

ही गाडी म्हणजे दुकानही आहे आणि घरही. संक्रांतीला सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत, गड्ड्यावर, भाईजान कित्येक रात्री गाडीतच झोपतात. रात्री उशिरापर्यंत दिवे लागतात, छोटा पंखा लागतो. त्यासाठी हौद्यात एक दुसरी बॅटरी ठेवलेली होती. चोरांनी ताडपत्री फाडून तीही नेली. बांगड्यांना मात्र हात लावला नव्हता. बांगड्या विकायला गिऱ्हाईक शोधावे लागते. बॅटरी तासाभरात विकली जाते.

भाईजान आणि आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. तिथे पहिला प्रश्न आला, “बॅटरीचा नंबर काय?” आम्हाला सांगता येईना. प्रत्येक बॅटरीवर कंपनीने घातलेला नंबर असतो आणि वॉरंटी कार्डावरही तो लिहिलेला असतो, हे आम्ही शिकलेल्या माणसांनी कधी पाहिलेच नव्हते. बिल कुठल्या तरी डब्यात होते, ते सापडले नाही. “काळ्या रंगाची, वर लाल झाकण” एवढेच वर्णन आम्ही देऊ शकलो. अशा बॅटऱ्या गावात शेकड्याने असतील.

आम्ही परत आलो तेव्हा गल्लीत गर्दी होती. आमच्या पुतण्याला कोणीतरी सांगितले होते, की भंगार गोळा करणारा एक मुलगा आदल्या संध्याकाळी गाडीजवळ घुटमळत होता. मुलगा आमच्याच शाळेत सातवीत शिकतो. शाळा सुटली की मामाच्या हातगाडीवर पुठ्ठा, प्लास्टिक, लोखंड गोळा करतो. पुतण्या आणि आणखी चौघे त्याच्या घरी निघाले. भाईजान गाडीपाशीच थांबले होते, त्यांना काही कळले नाही. आम्ही मात्र पोरांच्या मागोमाग गेलो. अडवायला गेलो होतो, असे आम्ही पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत राहिलो.

त्यांनी घरातली पोती उपसली. बाटल्या, पत्र्याचे डबे आणि पुठ्ठे बाहेर पडले. बॅटरी नव्हती. मुलगा भिंतीला टेकून उभा होता आणि आमच्याकडे पाहत होता. आम्ही दारात उभे होतो. “थांबा” हा एक शब्द म्हणायला किती वेळ लागतो? आम्ही तो म्हटला नाही. मनात कुठेतरी आम्हालाही वाटत होते, की पाहू द्यावे, निघालीच तर?

घरी येऊन भाईजानांना सांगितले. त्यांचा चेहराच उतरला. म्हणाले, “अरे, बांगड्यांच्या पेट्यांचे पुठ्ठे मीच त्याला देतो. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी ये, असे मीच सांगून ठेवलेय.”

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना त्या मुलाचे नाव आले आणि वर्ग गप्प राहिला. तिसऱ्या दिवशीही तेच. सूरह हुजुरातमध्ये बदगुमानीपासून दूर राहण्याची ताकीद आहे. गीबत, बदगुमानी, तजस्सुस हे शब्द आम्ही मुलांना अर्थासह पाठ करून घेतो. त्या आठवड्यात फळ्यावर ते शब्द लिहायला आमचा हात धजेना.

इकडे भाईजानांचे दोन बाजार बुडाले होते. नवी बॅटरी घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, “जुनी आणलीय का?” जुनी बॅटरी परत दिली की नवीच्या किमतीत सूट मिळते. आमची जुनी तर चोरानेच नेलेली. म्हणजे पूर्ण पैसे. दोन्ही मिळून दहा हजारांच्या वर हिशेब गेला. आम्ही परत आलो.

त्याच रात्री ओळखीचा एकजण एक बॅटरी घेऊन दारात आला. वापरलेली पण चांगली, फक्त बाराशे रुपये. भाईजानांनी ती हातात घेऊन पाहिली. आमच्याही मनात आले, चला, उद्याचा बाजार तरी होईल. अम्मी आतून ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या आणि एवढेच विचारले, “बिल है क्या?”

बिल नव्हते. आम्ही टॉर्च लावून पाहिले. जिथे नंबर असायला हवा, तिथले प्लास्टिक खरवडलेले होते. अम्मी म्हणाल्या, “म्हणजे आज दुसऱ्या कोणाच्या तरी दारात गाडी मुकी उभी असेल.” भाईजानांनी बॅटरी खाली ठेवली. तो माणूस निघून गेला. तिसऱ्या दारी त्याने ती विकलीही असेल. पण चोर आमच्या दारात येण्याचे कारण आम्हाला त्या रात्री कळले. स्वस्तात, बिलाशिवाय घेणारे हात आहेत, म्हणून पाना घेऊन फिरणारे हात आहेत. आणि त्या हातांत आमचेही हात जाता जाता राहिले.

कायदाही हेच सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०३ चोरीचे आहे, तर कलम ३१७ चोरीचा माल घेणाऱ्याचे. माल चोरीचा आहे हे ठाऊक असून, किंवा तसे मानायला कारण असून, जो अप्रामाणिकपणे तो घेतो, त्याला ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. खरवडलेला नंबर हे “कारण” नाही, असे कोण म्हणेल?

चोरलेल्या बॅटरीचे पुढे काय होते, हेही आपल्या घरांत बोलले गेले पाहिजे. तिच्या वजनात निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असतो. शिसे पुन्हा पुन्हा वितळवून वापरता येते, म्हणूनच तिला भंगारातही भाव आहे. पण ती कुठल्या तरी बोळात हातोड्याने फोडली की सल्फ्युरिक आम्ल गटारात जाते आणि भट्टीतून निघालेली शिशाची धूळ आसपासच्या अंगणांत बसते. लहान मुले हात तोंडात घालतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की पोटात गेलेले शिसे लहान मुलांचे शरीर मोठ्यांच्या तुलनेत ४ ते ५ पट अधिक शोषते, आणि त्याची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही. मेंदूवर परिणाम होतो, लक्ष लागत नाही, शिकणे मागे पडते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे जगातल्या जवळजवळ दर ३ मुलांमागे एकाच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंतेचे आहे, आणि मोटारीच्या बॅटऱ्या बेकायदा फोडणे-वितळवणे हे त्याचे एक मोठे कारण आहे. वर्गात एखादे मूल शून्यात पाहत बसले की आम्ही त्याला “ध्यान कुठे आहे?” म्हणून रागावतो. त्याचे घर कोणत्या बोळात आहे, हे आम्ही कधी विचारले नव्हते.

भंगाराचा धंदा हलाल आहे आणि आपल्यातली कित्येक घरे त्यावर मेहनतीने उभी आहेत. आमच्या मोहल्ल्यातच एक बुजुर्ग भंगारवाले आहेत. ते बॅटरी आणणाऱ्याचे नाव, गाडी नंबर वहीत लिहून घेतात आणि ओळख नसेल तर बॅटरी घेतच नाहीत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी नोंदणी असलेल्या पुनर्वापर केंद्राकडेच पोहोचायला हवी. घरच्या इन्व्हर्टरची असो की गाडीची, ती दुकानदाराला परत देऊन सूट आणि बिल घ्यावे, हा त्यातला सर्वांत सोपा मार्ग.

शेवटी भिशीतून उचल घेऊन भाईजानांनी दोन्ही बॅटऱ्या नव्या घेतल्या. उंट आधी बांधावा आणि मग तवक्कुल करावे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. आम्ही उंट बांधायला जरा उशिराच शिकलो. जे केले, ते इथे सांगतो, म्हणजे इतरांना उशीर होऊ नये.

वेल्डिंगवाल्या चाचांकडून गाडीखालच्या बॅटरीला लोखंडी पिंजरा करून घेतला. वेल्डिंग करण्याआधी बॅटरी काढून दूर ठेवायला लावली, कारण तिच्यातून निघणारा हायड्रोजन वायू ठिणगीने पेट घेतो. याच कारणाने पेटी चारही बाजूंनी बंद करायची नाही, हवा खेळायला जाळी हवी. बॅटरीखाली रबर घातले. वरची पट्टी टर्मिनलला लागणार नाही एवढे अंतर ठेवले. नुसती साखळी गुंडाळणे धोक्याचे आहे, ती दोन्ही टर्मिनलांना एकदम टेकली तर आग लागू शकते. कुलूप पाइपच्या तुकड्यात आत बसवले, म्हणजे कटर सहज पोहोचत नाही.

दिवे-पंख्याची बॅटरी भाईजान घरी आले की काढून आत ठेवतात. काढताना आधी निगेटिव्ह वायर, मग पॉझिटिव्ह. बसवताना उलट, आधी पॉझिटिव्ह. हा क्रम चुकला आणि पाना गाडीच्या लोखंडाला टेकला, तर ठिणगी उडते. यात्रेत गाडीतच झोपायचे असेल तेव्हा ती बंद जागेत चार्जिंगला लावत नाहीत.

दोन्ही बॅटऱ्यांवर गाडीचा नंबर खिळ्याने वरवर कोरला आणि त्यावर ऑइल पेंट दिला. तापलेली सळई वापरली नाही आणि खोलवरही कोरले नाही. कंपनीचा नंबर, बिल आणि वॉरंटी कार्ड यांचे फोटो तीन मोबाइलमध्ये ठेवले. पुन्हा कधी ठाण्यात जावे लागले तर आता सांगायला काहीतरी आहे. एफआयआरची प्रत फिर्याद देणाऱ्याला मोफत मिळते, तीही मागून घ्यावी.

गाडी आता बॅटरीची बाजू भिंतीला चिकटवून उभी असते. गल्लीतल्या पाचही गाड्या एका रांगेत लागतात, आणि रात्रभर जळणाऱ्या दिव्याचे बिल पाच घरे वाटून भरतात. खर्च फार नाही. पिंजरा आणि कुलूप मिळून दीड हजारांत झाले.

एवढे सगळे झाल्यावर एक काम राहिले होते, आणि ते आम्ही जाणूनबुजून मागे ठेवले होते. जुम्म्याच्या संध्याकाळी भाईजान, पुतण्या आणि आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. पुतण्याने माफी मागितली. आम्हीही मागितली. मुलाच्या आईने आम्हाला बसायला चटई टाकली. ती पुतण्याला काहीच बोलली नाही. आमच्याकडे पाहून म्हणाली, “सर, आप तो वहीं थे ना?”

याचे उत्तर आमच्याकडे नव्हते आणि आजही नाही.

सोमवारी मुलगा शाळेत आला. हजेरीत “हाजिर” म्हणाला. आम्ही वर्गासमोर सांगितले, की सरांची चूक झाली होती आणि सरांनी माफी मागितली आहे. ज्यांच्यासमोर पोती उपसली गेली, त्यांच्यात या वर्गातली मुलेही होती. तेव्हा चूकही त्यांच्यासमोरच सांगायला हवी होती.

चोर सापडला नाही. लोक विचारतात, “मग त्या पोराचे काय निघाले?” आम्ही सांगतो, काही निघायचे नव्हतेच. चोर सापडला असता तरच तो निर्दोष, असे थोडेच आहे?

भाईजान अजूनही बाजाराच्या आदल्या संध्याकाळी पुठ्ठे नीट बांधून पायरीवर ठेवतात. मुलगा शाळेत रोज येतो, पण पुठ्ठे न्यायला अजून आलेला नाही. रात्री कुलूप ओढून पाहिले की भाईजान तो गठ्ठा उचलून आत ठेवतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बाहेर काढतात.