वजन वाढवण्याची नोकरी

माझी नोकरी दुसऱ्यांची वजनं वाढवण्याची आहे. मी एकात्मिक बालविकास सेवा योजनेत पर्यवेक्षिका आहे. शहापूर तालुक्यातल्या अंगणवाड्यांचं एक बीट माझ्याकडे असतं. सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचं दर महिन्याला वजन घ्यायचं, ते पोषण ट्रॅकरवर चढवायचं आणि दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेलेलं मूल दिसलं की त्याच्या मागे लागायचं, हे आमचं काम. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात, तेव्हा मुलांची वजनं हमखास उतरलेली असतात. त्यांच्या आयांना मी वर्षानुवर्षं सांगत आले, भातात चमचाभर तेल घाला, दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं भरवा. आणि हे सांगणाऱ्या बाईचं स्वतःचं वजन होतं ८२ किलो, उंची पाच फूट एक इंच.

यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. आमच्याकडे अंगाने भरलेली बाई म्हणजे खात्यापित्या घरची, सासरी सुखात असलेली. गुडघे धरायला लागले तेव्हाही ‘वय झालं’ म्हणून सोडून दिलं. मग एका शिबिरात रक्त तपासलं आणि तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ६.३ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण पोक्त बोलल्या. मी त्यांना साठ किलोवर यायचंय म्हटलं, तर म्हणाल्या, “साठ राहू द्या. आधी सहा किलो कमी करा आणि ते परत येऊ देऊ नका.”

हा आकडा त्यांनी हवेतून काढला नव्हता, हे नंतर वाचनात आलं. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत उंबरठ्यावरच्या लोकांपुढे सात टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं हालचाल एवढंच उद्दिष्ट ठेवलं होतं. त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी २००६ मध्ये भारतीयांवरचे निष्कर्ष मांडले. तिथे घट साडेअठ्ठावीस टक्के होती, पण गंमत अशी की त्या लोकांचं वजन फारसं उतरलंच नव्हतं. खाणं आणि चालणं बदललं, त्याचा गुण आला.

आपल्याकडची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचा शरीरभार निर्देशांक सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२. म्हणजे दिसायला किडकिडीत माणूससुद्धा आतून चरबी बाळगून असतो. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांत वर्षानुवर्षं केलेल्या कामातून दिसलं, की कमी वजनाची जन्मलेली आपली बाळंही ही चरबी घेऊनच येतात. मी ज्या मुलांना वजनकाट्याच्या झोळीत घालते, त्यांच्यातलीच काही चाळिशीत माझ्यासारखी रक्त तपासायच्या रांगेत उभी असणार. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २०.८ टक्के स्त्रिया प्रमाणाबाहेर कृश आणि २३.४ टक्के प्रमाणाबाहेर जाड निघाल्या. मला हे कागदावर वाचावं लागलं नाही. एकाच पाड्यावर दोन्ही भेटतात.

सुरुवात मी सगळे करतात तीच केली. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची व्याख्यानं तेव्हा घराघरांत मोबाइलवर चालू असायची. दोनच वेळा जेवायचं, पंचावन्न मिनिटांत संपवायचं, मधे काही नाही. आमच्या कार्यालयातल्या एका बाबूंना त्याचा चांगला गुण आला, अजून पाळतात. माझंही वजन भराभर उतरलं. मग लग्नसराई आली. आमच्या भागात लग्नापेक्षा हळदीची रात्र मोठी. मटणाची पंगत अकराला बसते आणि पाहुणी जेवली नाही तर यजमानीण रुसते. उतरलेलं वजन आषाढापर्यंत परत आलं. पद्धतीला मी नावं ठेवत नाही, ती माझ्या दिवसात बसली नाही इतकंच. ‘द बिगेस्ट लूझर’ या अमेरिकन कार्यक्रमातल्या १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा बहुतेकांचं वजन परतलेलं होतं आणि शरीर दिवसाला अपेक्षेपेक्षा सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. शरीर असं डूख धरतं. त्याला कळू न देता काम करावं लागतं.

म्हणून मी वजनाचा नाद सोडला आणि दिवस तपासायला घेतला. त्यात पहिला सापडला चहा.

अंगणवाडीला भेट दिली की चहा येतो. सेविका करते, नाहीतर शेजारचं घर पाठवतं. पाड्यावर दूध नसतं म्हणून कोरा, पण साखर अशी की चमचा उभा राहावा. पाहुणीला गोड कमी पडलं तर घराची अब्रू जाते. दिवसात पाच-सहा ठिकाणं झाली की साखरच पन्नास-साठ ग्रॅम होते, वर ग्लुकोजची बिस्किटं. आणि नको म्हणायची सोय नाही. ज्या घरात पोरांच्या दुधाला पैसे नाहीत, त्या घरानं केलेला चहा मॅडमनी परत पाठवला, ही गोष्ट मी पुढच्या पाड्यावर पोचायच्या आधी तिथे पोचते. मी ‘साखर नको’ म्हणायला लागले, तर आठवडाभरात बीटभर झालं की मॅडमना शुगर आहे. मग उपाय सुरू. कुणी गुळवेल आणून दिली, कुणी कारल्याचा रस, एका मदतनीस ताईंनी जांभळाच्या बियांची पूड पिशवीत बांधून दिली. शेवटी मीच आल्या आल्या पाणी मागून घ्यायला लागले. “आज चहा नको, तुमचं पाणी द्या,” म्हटलं की मान राहतो. एप्रिल-मेमध्ये मात्र पाणी मागतानाही जीभ अडखळते. मुंबईला पाणी पुरवणारी भातसा आणि तानसा ही दोन्ही धरणं आमच्याच तालुक्यात, आणि त्यांच्या आसपासच्या पाड्यांवर बायका टँकरच्या मागे धावतात. तेव्हा बाटली घरून नेते.

दुसरी गोष्ट घरातली, आणि ती जड गेली. नवरा मुंबईला नोकरीला. पहाटेची आसनगाव लोकल, परतायला रात्रीचे साडेनऊ. त्याचं जेवण झालं की मी बसायची, म्हणजे दहा-सव्वादहा. पोरांनी टाकलेली अर्धी पोळी, पातेल्याच्या बुडाशी राहिलेला भात, वाटीभर आमटी, हे सगळं माझ्या ताटात. अन्न टाकवत नाही. आमच्या घरात कचऱ्याची बादली नव्हती, मी होते. ज्या दिवशी मी साडेसातला पोरांबरोबर ताट वाढून घेतलं, त्या दिवशी सासूबाई काही बोलल्या नाहीत. भांडी मात्र नेहमीपेक्षा जोरात वाजली. नवऱ्याला मी आधीच सांगितलं होतं, त्याची हरकत नव्हती. त्याला एकट्याने जेवायचा कंटाळा यायचा एवढंच. मी त्याच्याजवळ बसते, गप्पा मारते, जेवत नाही. महिनाभराने सासूबाईच म्हणाल्या, “मलाही तुझ्याबरोबरच वाढ, रात्री छातीत जळजळतं.” आता उरलेलं शेजारच्या गाईला जातं, आणि मुख्य म्हणजे उरतंच कमी, कारण भात मोजून घालते.

भाताचं मला माहेरामुळे कळलं. माझं माहेर मुरबाडचं, टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या पायथ्याशी. आमचे वडील बसले की आधी तांदळाच्या दोन भाकऱ्या, मग भाताचा डोंगर, मग ताकभात. तरी म्हातारपणापर्यंत पोट पाठीला लागलेलं. उन्हाळ्यात राब भाजायचा, पावसात चिखलणी-आवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी-झोडणी, आणि भारे डोक्यावरून. आजी भात मुसळाने कांडायची. आता पॉवर टिलर आहे, गिरणी आहे, मोटरसायकल दारात आहे. कष्ट गेले आणि ताट तेवढंच राहिलं. माझ्या भावाला अडतिसाव्या वर्षी रक्तदाबाची गोळी चालू झाली, ती काही भाताच्या दोषाने नाही.

मी भात सोडला नाही. कुणब्याच्या लेकीला तो सोडायला सांगणारा माणूस आमच्या घरी एकदा जेवायला यावा. मी क्रम बदलला. आधी वाटीभर उसळ, वाल, चवळी, कुळीथ जे असेल ते, मग भाजी, मग एक भाकरी किंवा भात, दोन्ही नाही. तांदळाच्या भाकरीऐवजी नागलीची, तीही माहेरची. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून हीच नागली कल्याणच्या दुकानांत चकचकीत पाकिटात बसली आहे, दराचं विचारू नका. पावसाळ्यात रानभाज्यांची चंगळ. शेवळं आली की काकडं घालून करायची, नाहीतर घसा खाजतो. टाकळा, कुर्डू, करटोली, भारंगी. एकादशीला साबुदाण्याऐवजी वरी. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण रचणाऱ्याने आमचं स्वयंपाकघर पाहिलं असावं. तेलाच्या पाच लिटरच्या कॅनवर उघडल्याची तारीख मार्करने लिहून ठेवते. पूर्वी तो महिना जेमतेम काढायचा, आता दीड महिन्याच्या वर जातो. कुणाला फरक कळला नाही, फक्त धाकट्याने विचारलं, बटाट्याच्या काचऱ्या आता कडक का होत नाहीत.

चालण्याचं वेगळंच. शहापुरात संध्याकाळी नुसतं चालायला निघालेली बाई दिसली की लोक गाडी थांबवतात. “मॅडम, गाडी बंद पडली का? सोडू का?” तिसऱ्या माणसाला समजावून सांगण्यापेक्षा मागे बसणं सोपं पडतं. शिवाय डोक्यावर दोन हंडे घेतलेली बाई समोरून येत असताना आपण व्यायाम म्हणून हात हलवत जायचं, हे मला जमेना. म्हणून मी कामातच चालायला लागले. जीप फाट्यावर सोडते. तिथून पाडा दोन-तीन किलोमीटर आत. पूर्वी सेविकेच्या नवऱ्याला फोन करायचे, तो मोटरसायकल घेऊन यायचा. तो फोन बंद केला. मे महिन्यात मुरबाड-शहापूरचा पारा चाळिशीपार, तेव्हा सकाळच्या पहिल्या जीपने जायचं. पावसात चपला हातात घेऊन ओढा ओलांडायचा, किंवा पाणी जास्त असेल तर मुकाट परत फिरायचं.

याचा एक फायदा मी धरलाच नव्हता. मोटरसायकलवरून न दिसणारी घरं पायी दिसतात. रस्त्यापासून आत, कारवीच्या कुडाची दोन खोपटी होती. तिथली तीन मुलं आमच्या कुठल्याच रजिस्टरवर नव्हती. त्यातलं धाकटं ‘सॅम’, म्हणजे अतितीव्र कुपोषित, निघालं.

वजन मी घरी करत नाही. अंगणवाडीत आईचं आणि बाळाचं मिळून वजन करायचा काटा असतो. महिन्यातून एकदा, वजनाच्याच दिवशी, सगळ्यात शेवटी मी त्यावर उभी राहते आणि सेविका आकडा वाचते. मुलांच्या वाढीच्या तक्त्यासारखी एक रेघ मी माझ्या डायरीत काढते. आयांना आम्ही शिकवतोच, एका महिन्याचा ठिपका बघून घाबरू नका, रेघ कुठे चालली ते बघा. माझी रेघ गणपतीत आणि लग्नसराईत वर जाते, पावसाळ्यात उतरते, आणि चौथ्या वर्षी सत्तरवर आली आहे. तक्त्याप्रमाणे मी अजून स्थूलच, निर्देशांक २९ च्या घरात, आणि आपल्याकडे २५ च्या वर स्थूल धरतात. साखर ५.६. गुडघ्यांनी जिना मान्य केला आहे.

एका वजनाच्या दिवशी मी काट्यावरून उतरत होते, तेव्हा दारात बसलेली एक कातकरीण बघत होती. तिचं मूल तेव्हा आमच्या देखरेखीखाली होतं. “बाई, लई बारीक झालीस. दुखनं आलं व्हतं का?” मी म्हटलं, नाही गं, मुद्दाम केलं. ती हसायची थांबेना. शेजारणीला बोलावून तिने हे परत सांगितलं, मग दोघी हसल्या. मग एकदम गंभीर होऊन तिने विचारलं, “मंग आमाला तेल घाल का सांगतीस?” मी तिला तिच्या पोराची रेघ दाखवली आणि माझी दाखवली. एक वर न्यायची, एक खाली. तिने दोन्ही कागद नीट बघितले. पटलं की नाही ते काही तिने सांगितलं नाही. पण त्या महिन्यात पोराचं वजन तीनशे ग्रॅमने वाढलं होतं, आणि ती ते प्रत्येकाला सांगत होती.

आमच्या सेविकांपैकी बऱ्याच जणी आता चाळिशी-पन्नाशीच्या आहेत. कुणाला रक्तदाब, कुणाला थायरॉइड. मासिक बैठकीला वर्षानुवर्षं वडापाव यायचा. मी ठराव वगैरे केला नाही, एका महिन्यात वडापावऐवजी उकडलेली अंडी, काकड्या आणि भिजवलेले हरभरे आणले. दोघी-तिघींनी तोंडं वाकडी केली, बाकीच्यांनी खाल्लं. आता पाळी लावली आहे, दर महिन्याला एका गटाने नाश्ता आणायचा. कुणी मिश्र उसळ आणतं, एकीने अळवाच्या वड्या वाफवूनच आणल्या होत्या, तळल्या नव्हत्या. पुढची पाळी किन्हवलीकडच्या ताईंची आहे. त्यांनी स्टँडवरच्या वडेवाल्याला आत्ताच फोन करून ठेवलाय, अशी पक्की खबर आहे. मी एक खाणार आहे, चटणीसकट.