शाळेचं असेल तर द्या

"उंदरं झोपू देत न्हाईत मॅडम. रातभर पोती कुरतडत्यात."

तक्रार नव्हती ती. मी व्हरांड्याच्या पायरीशी उभी, आमच्या पटावरच्या एका पोरीची आई वर्गाच्या दारात. मधे सहा फुटांवर चुन्याची रेघ. पोती म्हणजे तांदळाची पोती. शालेय पोषण आहाराची. दोन वर्गांच्या मधल्या खणात, पत्र्याच्या दाराआड. कुलपाची किल्ली माझ्या पर्समध्ये.

बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं आमचं गाव. पहिली ते चौथी, दोन शिक्षक. बीड जिल्ह्यात नोकरी केलेल्याला पुढचं सांगायला नको: दिवाळी झाली की ऊसतोडीमुळे निम्मा पट रिकामा होतो. नवराबायकोचा एक कोयता, मुकादमाची उचल घेतलेली, लेकरं सोबत. कारखान्याचा पट्टा पडला की उन्हाळ्यात परत. त्या वर्षी आमच्याकडे हंगामी वसतिगृहही नव्हतं, त्यामुळे आजीपाशी राहिलेली दोनचार सोडली तर तोडीवाल्यांची सगळी गेली होती.

2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, मग लॉकडाऊन लागला आणि ऊसतोडीची माणसं कारखान्यांच्या तळावर अडकली. एप्रिलच्या मध्यानंतर त्यांना सोडायला परवानगी मिळाली. तिथं तपासणी होऊन, कागद घेऊन, तीन कुटुंबं ट्रकमधून आमच्या शिवेवर उतरली. गावानं रस्त्यावर बाभळीच्या काट्या टाकल्या होत्या. कागद कुणी वाचला नाही. ठरलं, चौदा दिवस शाळेत ठेवायचं. आमचे मुख्याध्यापक चेकपोस्टच्या ड्यूटीवर, म्हणून वर्ग मी उघडून दिले. अकरा माणसं. त्यात पाच लेकरं, त्यातली चार आमच्या पटावरची.

त्याच आठवड्यात गावातल्या एका वजनदार घरातला मुलगा पुण्याहून गाडीनं आला. काट्या बाजूला झाल्या. गाडी सरळ वाड्यात. दुसऱ्या दिवशी तो गच्चीवर फोनवर बोलताना मी पाहिला, शाळेच्या अंगणातूनही तो दिसत होता. कोण काय बोलणार? मीही बोलले नाही. सर्वेक्षणाच्या कागदावर त्याचं नाव लिहिलं, पुढे 'गृह विलगीकरण' असं लिहिलं, सही केली. दोन शब्दांनी सगळं नीट दिसायला लागतं.

पण मला सलतं ते तांदळाचं. शाळा बंद असेपर्यंत शिल्लक धान्य पालकांना वाटा, असा आदेश होता. आठवड्यापूर्वीच आम्ही वाटप केलं होतं. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ, म्हणजे चाळीस दिवस धरले तर चार किलो. चार लेकरांचे सोळा किलो. दोन पोती आत पडून. मी मुख्याध्यापक सरांना फोन लावला.

"ती मुलं मार्चमध्ये हजर होती का?"

"नाही सर, तोडीला गेलेली."

"मग कोणत्या हजेरीवर देणार? उद्या ऑडिटला वसुली निघाली तर तुम्ही भरणार का?"

मला तो माणूस त्या क्षणी दगड वाटला. भिंतीपलीकडे लेकरं झोपतात, अलीकडे तांदूळ, आणि खाणार उंदीर! घरी येऊन नवऱ्यापुढे तासभर बोलले. हजेरीची अट मला नवी नव्हती. 1995 साली योजना सुरू झाली तेव्हा मी दुसरीत होते. तेव्हा शिजवून मिळत नव्हतं, महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायचा आणि त्यासाठी 80 टक्के हजेरी लागायची. एका महिन्यात मला गोवर आला, हजेरी भरली नाही, आणि आई रिकामी पिशवी घेऊन शाळेच्या दारातून परतली. पुढे 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं अन्न द्या म्हणून सांगितलं. शाळेत आलं ते जेवलं, इतका सोपा हिशेब झाला. शाळाच बंद झाल्यावर जुनी अट पुन्हा कुठून तरी उगवली.

दुसऱ्या दिवशी मी घरचा पाच किलो तांदूळ आणि तूरडाळ घेऊन गेले. मनात थोडा मोठेपणाही होता, खोटं कशाला बोलू. पिशवी रेघेवर ठेवली. उंदरांचं सांगणाऱ्या त्या बाईंनी हात लावला नाही.

"हे शाळंचं हाय का तुमचं?"

"माझंच आहे. घ्या ना."

"तुमचं असंल तर नको मॅडम. शाळंचं असंल तर द्या." मग जरा थांबून, "का नाव काटलं आमच्या पोरीचं?"

नाव काटलं नव्हतं. पण नोव्हेंबरात हजेरीत पोरीच्या नावापुढे 'स्थलांतरित' असं मीच लाल शाईनं लिहिलं होतं. शिक्षण हमी कार्ड भरून द्यायचं असतं, म्हणजे जिथं जाईल तिथल्या शाळेत बसता येतं. ते मी भरलं नव्हतं. 'घाईत निघून गेले' असा शेरा. खरं तर ते बैलगाडीत सामान भरत होते तेव्हा मी एसटीची वाट बघत समोरच उभी होते.

पिशवी परत आणली.

नवव्या दिवशी सर आले. ड्यूटीवरून थेट, तोंडाला उपरणं बांधलेलं. किल्ली मागितली, खण उघडला. एक पोतं तळातून फोडलेलं, तांदळात लेंड्या. दुसरं शाबूत. काटा बाहेर ठेवून त्यांनी चार-चार किलोच्या चार पिशव्या भरल्या, रेघेवर ठेवल्या, आणि वाटप रजिस्टर माझ्यापुढे केलं.

"लिहा."

"हजेरी, सर?"

"मुलं कुठं आहेत?"

"शाळेत."

"मग गैरहजर कशी?"

नंतर कळलं, आधीच्या शाळेत धान्य कमी भरल्याबद्दल त्यांच्या पगारातून वर्षभर वसुली झाली होती. मी त्यांना दगड म्हटलं ते परत घेते, पण अर्धंच. आठ रात्री गेल्याच ना त्या लेकरांच्या.

जुलैपासून मोबाइलवर अभ्यास सुरू झाला आणि रोज माहिती मागवायला लागले: किती पालकांशी संपर्क केला? आमच्या केंद्रातले निम्मे शेरे 'पालक उदासीन' असे. मीही पूर्वी लिहीत असे. शासनाच्या सरल पोर्टलवर लेकराचा आधार नंबर आहे, पण ते आत्ता कोणत्या कारखान्याच्या तळावर आहे, मुकादमाचा फोन कोणता, हा रकाना कुठंच नाही. अशी साथ पुन्हा आली तर आधी तो रकाना करा म्हणते मी, लिंका मागून पाठवा. आणि हातात काहीतरी घेऊन दारात जा. नुसतं 'अभ्यास झाला का' विचारणारा फोन लोक का उचलतील? अर्थात, हातात घेऊन गेलेलं परत आणावं लागतं, हेही मी सांगितलंच आहे.

दिवाळीनंतर ते पुन्हा निघाले. या वेळी मी आदल्या संध्याकाळीच गेले. कार्ड भरून, सही-शिक्का मारून. बाईंनी ते रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, मग परत काढून पाहिलं.

"हे कुठं दाखवायचं मॅडम? तिकडं उघडी हाय का शाळा?"

प्राथमिक शाळा तेव्हा राज्यात कुठंच उघडी नव्हती.